दुपारी दोन ते पाच

मला ज्या बाईचा मत्सर वाटतो तिचं वय बावन्न आहे. तिचे गुडघे दुखतात. उठताना ती जमिनीला हात टेकते आणि 'आई गं' म्हणते. केसांना मेंदी लावायची तिला आठवण राहत नाही, त्यामुळे भांगाशी दोन बोटं पांढरं दिसतं. तिचं नाव उषाताई सपकाळे. तिनं माझ्या नवऱ्याला कधी पाहिलं नव्हतं, त्यानं तिला पाहिलं नव्हतं, आणि तरी दोन महिन्यांहून जास्त रोज दुपारी दोन ते पाच तो तिच्या सोबतीनं सुखात होता. ही सोबत मीच जुळवून दिली होती. हसू आलं तर हसा. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीही हसले असते.

आधी लोकेशबद्दल सांगते. लोकेश वायकोळे, माझा नवरा, फैजपूर रस्त्यावरचं केळी पिकवण्याचं केंद्र चालवतो. हिरवे घड बंद खोल्यांत जातात, त्यांना मोजून मापून इथिलीन वायू दिला जातो आणि चार-पाच दिवसांनी ते एकसारखे पिवळे होऊन बाहेर येतात. तापमान किती, ओलावा किती, वायू किती, सगळ्याला काटे आहेत. काटा पाहिला की लोकेशला बरं वाटतं. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली, आणि आठही वर्षं त्याचं एकच दुखणं होतं, की बायकोला काटा नाही.

तो ओरडत नाही, हात उगारत नाही. तो विचारतो. कुठं होतीस? एवढा वेळ कुणाशी बोलत होतीस? फोन उचलायला सात वेळा वाजू का दिला? पहिल्या वर्षी मी प्रेमानं उत्तरं दिली, दुसऱ्या वर्षी हसत, तिसऱ्या वर्षी दात ओठ खात. पुढं मी अर्धीच उत्तरं द्यायला लागले, आणि अर्ध्या उत्तरावर संशय असा पोसतो की विचारू नका. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मामेभावाच्या लग्नात, यावलला, मी वीस मिनिटं दिसले नाही म्हणून लोकेशनं पंगतीतल्या वाढप्यांना विचारलं. मी नवरीच्या खोलीत तिच्या ब्लाउजची उसवलेली बाही शिवत होते. सगळ्या माहेरासमोर माझी मान खाली गेली.

त्यानंतर मी त्याला स्पष्ट सांगितलं. इंदूरच्या एका प्रयोगशाळेतून मला बोलावणं आलं होतं, तिथं जायचं की नाही ते एक जानेवारीपर्यंत कळवायचं होतं. तोपर्यंत काही बदललं तर राहीन, नाहीतर एकटी जाईन. तो रडला, आणि मी म्हणेन त्या डॉक्टरकडे यायला तयार झाला.

डॉक्टर आम्ही तीन केले. पहिले जळगावचे बोंडे. त्यांचं म्हणणं, माणसाला घटना त्रास देत नाही, घटनेवर मन जे भाष्य करतं ते त्रास देतं. त्यांनी लोकेशला एक वही दिली. पहिल्या रकान्यात डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं, दुसऱ्यात मन काय म्हणालं ते, तिसऱ्यात त्याच गोष्टीचं दुसरं काय कारण असू शकतं ते. चांगला मार्ग आहे, कित्येकांना गुण आला असेल. पण काटे वाचणाऱ्या माणसाच्या हातात वही म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. महिनाभरात त्याचा पहिला रकाना भरभरून वाहू लागला. 'यायची वेळ ६.४०, आली ७.०५. केसात गवताची काडी. चहा नको म्हणाली.' तिसरा रकाना तो माझ्यापुढं सरकवायचा आणि म्हणायचा की हा तू भर, मला सुचत नाही.

दुसऱ्या नाशिकच्या देवरेबाई. त्यांनी वही बंद केली. म्हणाल्या, संशय म्हणजे खाज, विचारणं म्हणजे खाजवणं. विचारायचं नाही, तपासायचं नाही, धीर धरून बसायचं. भीती तापासारखी चढते आणि कुणी काही केलं नाही तरी आपोआप उतरते, हे शरीराला दहा वेळा कळलं की अकराव्या वेळी ती चढतच नाही. मलाही ताकीद दिली की त्यानं विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. लोकेशनं अकरा दिवस मला एक शब्द विचारला नाही. मी साखर वाटायच्या बेतात होते. बाराव्या दिवशी इमारतीच्या वॉचमननं मला सांगितलं, ताई, साहेब रोज मला विचारतात तुम्ही किती वाजता आल्या ते. बाईंनी बायकोला विचारायची मनाई केली होती, वॉचमनला नाही, असं लोकेशचं म्हणणं.

तिसऱ्या डॉ. एस्तेर साळवे, जळगावच्याच. त्या फारसं बोलत नाहीत. पहिल्या भेटीत त्यांनी लोकेशला एवढंच विचारलं की कुणाची तरी वाट पाहत बसल्याची तुमची पहिली आठवण कोणती.  तो म्हणाला, मी सहा वर्षांचा होतो. आई म्हणाली बाजारात जाऊन येते, ओट्यावर बस. ती आठ महिन्यांनी आली.

आठ वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं की 'कुठं होतीस' असं हा विचारतो तेव्हा खरं काय विचारत असेल. मला उत्तर समजलं होतं, पण मी म्हटलं, मला काय माहीत. आठ वर्षांचा राग एका भेटीत थोडाच जातो.

मनगटाला बांधायची पट्टी त्यांनीच दिली. त्या वर्षी ती नुकतीच आली होती आणि मोजक्या डॉक्टरांकडेच मिळायची. त्यामागचं शास्त्र त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. आपलं हृदय घड्याळासारखं एकसारखं ठोके देत नाही. श्वास घेताना किंचित भरभर चालतं, सोडताना किंचित सावकाश. माणूस निवांत असला की हा चढउतार मोठा होतो, घाबरला की सपाट. हे काम मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी एक लांब नस करते. आणि जवळच्या माणसांत ही लय एकाकडून दुसऱ्याकडे जाते. तान्हं मूल आईच्या छातीवर निजतं ते तिच्या शब्दांनी नव्हे, तिच्या लयीनं. पट्टी ही लय एका मनगटावरून उचलते आणि दुसऱ्याच्या मनगटावर हलक्या दाबानं आणि उबेनं उतरवते, अंतर कितीही असो. लोकेशची माझ्याकडे, माझी लोकेशकडे. ज्याच्या शरीराला लहानपणी सोबत मिळाली नाही त्याला ती आता रोज थोडी थोडी द्यायची, म्हणजे मग डोकं आपोआप पुरावे मागायचं थांबवतं.

लोकेशनं लगेच विचारलं की ही कुठं आहे हे त्यात दिसेल का. डॉक्टर म्हणाल्या, काहीच दिसणार नाही. जागा नाही, शब्द नाही, नोंद नाही. पट्टी कुणाच्या हाताला आहे हेसुद्धा ती ओळखत नाही, आणि ओळखू नये म्हणूनच तशी केली आहे, नाहीतर तिचाही पोलीस होईल. सकाळी नऊ ते रात्री नऊ, तीन महिने, काढायची नाही. काही अडचण आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. ती माझी पहिली चूक.

अडचण होती. मी सावद्याबाहेरच्या एका ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत काम करते. केळीच्या एका कोंबापासून हजारो रोपं बाटलीत वाढवायची, हा आमचा धंदा. कोंब कापायला यंत्रं आणून पाहिली, पण कोंबाचा डोळा नेमका कुठं आहे हे अजून बाईच्या बोटांनाच समजतं. ही कापणी निर्जंतुक खोलीत होते. आत जाताना हात कोपरापर्यंत मोकळे लागतात. बांगड्या, घड्याळ, अंगठी, मंगळसूत्रसुद्धा बाहेर खुंटीवर. पहिल्या दिवशी नव्या सुना त्या खुंटीशी रेंगाळतात, मग सवय होते. माझी पाळी दुपारी दोन ते पाच. पट्टी खुंटीवर गेली की लोकेशचं मनगट गार पडणार.

पहिल्याच आठवड्यात तसं झालं. तीन दिवस मी पट्टी काढून आत गेले, तीन दिवस प्रयोगशाळेचा फोन खणखणला. तिसऱ्या दिवशी मला काम टाकून बाहेर यावं लागलं, आणि उघड्या राहिलेल्या चाळीस बाटल्यांत बुरशी धरली. साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं की पुन्हा असं झालं तर आत येऊ नका. डॉक्टरांना फोन करायला हवा होता. पण पुन्हा जळगाव, पुन्हा लोकेशचा उतरलेला चेहरा, पुन्हा तीच चर्चा, याचा मला वीट आला होता. समोर उषाताई होत्या.

उषाताई बाहेरच्या जाळीघरात असतात. बाटलीतून निघालेलं रोप नाजूक असतं, त्याला उन्हावाऱ्याची सवय लावावी लागते, ते काम त्यांचं. दिवसभर रोपांच्या ओळींमधून बसल्या बसल्या सरकायचं, पाणी शिंपडायचं, मेलेलं काढायचं. हातात काय घालायचं याचं त्यांना बंधन नाही. मी त्यांना खरं ते सांगितलं, की नवरा घाबरट आहे आणि हे तीन तास तुमच्या हातात राहू दे.

"मले काय जड हाये का ते," त्या म्हणाल्या. "घड्याळ समजून घालते."

आणि सुंठीवाचून खोकला गेला. फोन थांबले. त्याच आठवड्यात लोकेशचे प्रश्न कमी झाले, पुढच्या आठवड्यात वॉचमनचा जाच संपला. दिवाळीला मी माहेरी दोन दिवस राहून आले, तर त्यानं दारात विचारलं की प्रवास बरा झाला ना. फक्त तेवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड दाबून रडले. मला वाटलं, इंदूरला नाही म्हणून कळवून टाकावं.

नोव्हेंबरच्या मधल्या भेटीत डॉक्टरांनी लोकेशला विचारलं की सगळ्यात जास्त बरं केव्हा वाटतं. तो जरा लाजला. मग माझा हात हातात घेऊन बोलला. आठ वर्षांत तो माझ्याशी असं बोलला नव्हता.

"दुपारी," तो म्हणाला. "दोन वाजले की ही येते. म्हणजे, दिवसभर असतेच, पण दोनला खरी येते. मला कळतं, आता ही कुठं जाणार नाही. कधीकधी मी घाबरलो तर ही ओळखते आणि सावकाश होते, माझ्यासाठी. मग मी पण होतो. तेजल, तू हे कसं करतेस मला माहीत नाही. पण तेव्हा तू जितकी माझी असतेस तितकी समोर बसलेली असतानाही नसतेस."

डॉक्टरांचे डोळे पाणावले. त्या माझ्याकडे कौतुकानं पाहत होत्या. मला नाकात मिरचीची धुरी गेल्यासारखं झालं. मी हसले आणि हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी पट्टी देताना मी उषाताईंना सहज विचारल्यासारखं विचारलं की यातून काही कळतं का. त्या म्हणाल्या, कळतं तर. साडेतीनला त्याच्या काळजात धडधड होते, रोज. बहुतेक तेव्हा त्याच्या गाड्या भरतात. मग मी हातातलं काम ठेवते आणि हळू श्वास घेते. माझा धाकटा लहानपणी फिट यायच्या आधी असाच धडधडायचा, त्याला मी असंच करायची.

"मंग तो निवतो," त्या म्हणाल्या. "लय गुणी हाये तुझा नवरा. कोणी सांगतलं तर ऐकतो."

कोणी सांगितलं तर ऐकतो! मी आठ वर्षं सांगत होते. मी आत गेले आणि त्या दिवशी माझ्या सुरीखाली अकरा कोंब वाया गेले.

त्या दिवसापासून मी बिघडले. मला माहीत होतं की त्यांच्यात काही नाही. बावन्न वर्षांची विधवा आणि तिनं न पाहिलेला माणूस, काय असणार? पण संशयाला कारण लागत नाही, हे लोकेशला सांगताना मी जितक्या ठामपणे सांगायचे तितकंच ते आता निरुपयोगी होतं. उषाताईंनी नवी साडी नेसली की मी पाहायचे. त्या गुणगुणत असल्या की मी कान द्यायचे. एकदा पाळी सुटायच्या आधी दहा मिनिटं बाहेर आले, तर त्या खांबाला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटलेले, उजवा हात डाव्या मनगटावर. चेहऱ्यावर असं समाधान की मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. मी म्हटलं, पाच वाजले. वाजले नव्हते.

मी वहीसुद्धा केली. बोंडे डॉक्टरांची पद्धत. पहिल्या रकान्यात लिहिलं, 'डोळे मिटून बसल्या होत्या.' दुसऱ्यात काय लिहिलं ते इथं सांगत नाही. तिसऱ्यात लिहिलं, 'दमल्या असतील.' तिसऱ्या रकान्यावर माझा काडीचा विश्वास बसला नाही. मग देवरेबाईंची पद्धत. ठरवलं, चार दिवस उषाताईंना काही विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी जाळीघरातल्या दुसऱ्या बाईला विचारत होते की दुपारी उषाताई काय करतात. वॉचमनची आठवण झाली तेव्हा मला माझीच शरम वाटली, पण विचारायचं तेवढं विचारून झालं होतं.

डिसेंबर लागला. आमच्याकडे तेव्हा घरोघर भरताची वांगी भाजतात. उषाताईंनी कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी डब्यात भरून आणल्या आणि म्हणाल्या, घरी ने, त्यालेही दे. लोकेश तीन भाकरी जेवला. बोटं चाटत म्हणाला की आज तुझ्या हाताला काय झालंय. मी म्हटलं, विकतचं आहे.

मग मी त्यांच्यासारखं व्हायचा प्रयत्न केला. संध्याकाळी लोकेशजवळ बसून मुद्दाम सावकाश श्वास घ्यायचे, खांदे सैल सोडायचे. चार-पाच दिवसांनी तो काळजीनं म्हणाला, "संध्याकाळी तुझं काही दुखतं का गं? दुपारची तू निराळीच असतेस."

दुपारची तू. मी ठरवलं, बास झालं. साहेबांना पाठ धरल्याचं सांगितलं आणि एक दिवस कापणी सोडून कार्यालयात बसून बाटल्यांच्या चिठ्ठ्या लिहायचं काम मागून घेतलं. दोन वाजता पट्टी माझ्याच हातात. उषाताई खुंटीपाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना म्हटलं, आज नको. त्या बरं म्हणाल्या आणि मनगट चोळत परत गेल्या. खोटं कशाला बोलायचं, मला बरं वाटलं.

मी मन शांत ठेवायचा पुरेपूर प्रयत्न केला. मनगटावर लोकेशची ऊब होती, हलका दाब होता. अडीचच्या सुमाराला तो दाब तुटक झाला. पावणेतीनला फोन आला. त्याचा आवाज मी आठ वर्षं ओळखत होते, गेल्या दोन महिन्यांत विसरले होते.

"कोण आहे तिथं?" तो म्हणाला.

मी म्हटलं, कुणी नाही, मी एकटी चिठ्ठ्या लिहितेय.

"तेजल, खोटं बोलू नकोस. रोजची तू नाहीस ही. कुणीतरी आहे तुझ्याजवळ, म्हणून तू अशी झालीस. मला कळतं. दोन महिने मी तुला रोज ओळखतोय."

मी फोन ठेवला. पट्टीतून त्याची धडधड येत होती, माझी त्याच्याकडे जात होती, ती त्याला आणखी घाबरवत होती, आणि ती भीती परत माझ्याकडे येत होती. एका खोलीत पिकलेलं एक केळं बाकीच्यांना पिकवतं, तसं. दहा मिनिटांत तीन चिठ्ठ्या चुकल्या. मी उठले, जाळीघरात गेले आणि पट्टी काढून उषाताईंपुढं धरली. त्यांनी काही विचारलं नाही. पट्टी बांधली, डोळे मिटले. मी समोर उभी राहून पाहत होते. आधी त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग एकेक आठी गेली. साडेतीनला लोकेशचा निरोप आला. 'चुकलो. आता आलीस. रागावू नकोस.'

त्या एका ओळीनं माझं सगळं हिरावून घेतलं. माझ्यावर तो संशय घेत होता तोवर निदान तो संशय तरी माझा होता.

आता माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. गप्प बसावं, तर माझा संसार सुरळीत चालणार होता, दुसरीच्या मनगटावर. सांगावं, तर त्याला जेमतेम आलेला विश्वास माझ्या हातानं मोडणार होता, आणि तोही पहिल्यांदाच खऱ्या कारणानं.  शेवटी सांगायचं ठरवलं ते काही सत्याच्या प्रेमानं नाही. दुसऱ्या बाईचं कौतुक माझ्या नावावर ऐकणं मला सहन होईना, म्हणून.

डिसेंबरची वीस तारीख, डॉ. साळवेंची खोली. मी लोकेशकडे न पाहता सगळं सांगितलं. खुंटी, बुरशी, उषाताई, धाकट्याच्या फिट्स, विकतचं नसलेलं भरीत. सांगून झालं. लोकेशनं पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली.

"म्हणजे आठ वर्षं तू मला फसवत नव्हतीस तेव्हा मी विश्वास ठेवला नाही," तो म्हणाला. "आणि तू फसवलंस तेव्हा ठेवला."

मी हो म्हटलं. डॉक्टर म्हणाल्या की फसवणूक खरी आहे, पण जी शांतता शिकलात तीही खरी आहे. ती उषाताईंनी दिली असेल, घेतली मात्र तुमच्या शरीरानं, आणि शिकलेलं शरीर विसरत नाही. लोकेश ऐकत होता की नाही कोण जाणे. निघताना त्यानं एकच गोष्ट मागितली. त्याला ती जागा बघायची होती.

मी कशी नाही म्हणणार? दुसऱ्या दिवशी तो दोन वाजता आला. निर्जंतुक खोलीला पाहुण्यांसाठी एक मोठी काच आहे, काचेपलीकडे बाक. मी बांगड्या खुंटीला अडकवल्या, हात धुतले, आत जाऊन माझ्या जागी बसले. लोकेश बाकावर बसला. मी पहिला कोंब घेतला, दुसरा घेतला. तो माझ्या हातांकडे पाहत होता. मला वाटलं, आता समजेल याला मी कुठं असते ते.

तिसऱ्या बाटलीला मान वर केली तर बाकावर उषाताई होत्या. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार, किंवा त्या आपणहून आल्या असतील. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. त्या काहीतरी बोलल्या, लोकेशनं मान हलवली. मग दोघंही गप्प झाले. पट्ट्या कुणाच्याच हाताला नव्हत्या. काचेतून आवाज येत नाही, पण दिसतं सगळं, आणि मला दिसलं की त्यांचे खांदे एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात.

काम चालू असताना बाहेर जायचं नाही हा आमचा नियम. मी सुरी ठेवली, बाटल्या उघड्या टाकल्या आणि बाहेर गेले. उषाताई मला पाहून कशालाही हात न टेकता उठल्या. त्यांनी माझ्या चेहऱ्यात काय पाहिलं कोण जाणे, मान खाली घालून जाळीघराकडे गेल्या. मला लोकेशला खूप काही म्हणायचं होतं. मला भीती वाटते असं म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते भलतंच.

"काय बोलत होती ती तुझ्याशी?"

मी ऐकलं मी काय म्हणाले ते, आणि तरी थांबले नाही. किती वेळ बसली होती? आधी कोण बोललं? तू हसलास का?

देवरेबाई तिथं असत्या तर म्हणाल्या असत्या की उत्तर देऊ नका, उत्तर म्हणजे खाजवणं. बोंडे म्हणाले असते की वही काढा. लोकेश माझ्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विजय नव्हता, मी आठ वर्षं दाखवला तसा कंटाळाही नव्हता. हे दुखणं त्याला आतून बाहेरून माहीत होतं. रोगी बरा होवो न होवो, पण या घडीला त्याला काय हवं असतं हे लोकेशइतकं कुणालाच कळलं नसतं.

तो बाजूला सरकला आणि त्यानं मला बाकावर बसवलं.

"दोनला आलो," तो म्हणाला. "सव्वादोनला त्या आल्या. आधी त्या बोलल्या. म्हणाल्या, तब्येत कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे. मग म्हणाल्या, भरीत आवडलं का. मी म्हटलं, हो. हसलो, एकदा, भरताला. पुढं कुणी काही बोललं नाही. मी तुझ्या हातांकडे पाहत होतो. मधे एकदा त्यांच्या पायांकडे पाहिलं, सुजलेत." तो थांबला, आठवून पाहिलं, काही राहिलं का ते. मग माझ्याकडे वळला. "अजून विचार. जे विचारायचं असेल ते सगळं विचार, तेजल."

आत पुन्हा बाटल्या उघड्या होत्या. मी विचारत राहिले, आणि तो एकेक करून सांगत राहिला.